चाखण्यापुरता पास्ता

महिला वसतिगृह, क्रेन प्रशिक्षण शाळा
४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. खुशाली कळली, आणि खुशालीच्या खाली बारीक अक्षरात जे लिहिलंत तेही कळलं. आपली पोर चिमणी न जेवताच ताट दूर सारते, हे तुम्ही अगदी शेवटी, सहीला चिकटवून लिहिलंत. बाबा, जन्मभर घड्याळांचे बारीक भाग हाताळले म्हणून अक्षरही तेवढंच बारीक काढायला हवं असं नाही. मी सगळं वाचते.

इथलं सांगते. आमची सहा बायकांची तुकडी आहे. पहिल्या दिवशी क्रेनच्या शिडीवर मी अर्ध्यावरच अडकले. आता अडकत नाही, कारण चढताना खाली बघायचंच नाही हे कळलं. वर केबिनमध्ये पायाखाली काच असते, तिथे मात्र बघावंच लागतं. आमचे क्रेनमास्तर जिभेचे फटकळ. काल माझी पेटी जहाजातून वर येताना झोके घ्यायला लागली, तर त्यांनी खालून वायरलेसवर विचारलं की ही मालाची पेटी आहे की पाळणा. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण खाली उतरल्यावर.

माझ्या खोलीत एक वेल्डरबाई आहे. आधी जहाजदुरुस्तीत वेल्डिंग करायची, तिथल्या साहेबाशी वाजलं म्हणून इकडे आली. स्वयंपाकाचा तिला मनापासून कंटाळा, म्हणूनच झटपट होणारं सगळं तिला येतं. तिच्याकडून मी पास्ता शिकले. चिमणीसाठी तो करून बघा. वाण्याकडे पाकिटं मिळतात, त्यात नळ्या, शंख, फुलपाखरं असे आकार असतात, तिला गंमत वाटेल. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळायचं, सढळ हाताने मीठ घालायचं, मग पास्ता टाकायचा, आठ-दहा मिनिटं. तोवर दुसऱ्या शेगडीवर तेलात लसूण परतून त्यावर पिकलेले टोमॅटो चिरून घालायचे आणि झाकण ठेवायचं. टोमॅटो मऊ झाले की पास्ता गाळून त्यात टाकायचा आणि वर चीज किसायचं. एवढंच. तुमच्या एका घड्याळाला नवा पट्टा लावायला जास्त वेळ लागतो.

पण बाबा, ती खातच नसेल तर मला स्पष्ट लिहा. मी येईन. मधे आठवडाभर गैरहजर राहिलं की इथे नाव कापतात, आणि पुढच्या तुकडीला माझं वय बसणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी येईन. तुमचा मुलगा गेल्यापासून आपण तिघंच उरलो आहोत. त्यातली एक उपाशी असताना मला क्रेन घेऊन काय करायचंय?

तुमच्या कानात घालायचे थेंब संपले असतील तर आणा. माया आजवर केलीत तशीच असू द्या.

आपली,
सूनबाई


९ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आलं त्याच संध्याकाळी कामाला लागलो. वाण्याकडे शंखाच्या आकाराचा पास्ता मिळाला. आता झालं ते सांगतो, हसायचं असेल तर दार लावून हस.

पाणी, मीठ, पास्ता, इथवर सगळं तुझ्या लिहिण्याबरहुकूम. पण तू लिहिलंस आठ-दहा मिनिटं. आठ की दहा? घड्याळजीला असं मोघम सांगतात का? शेवटी नऊ धरली आणि मनगटाकडे बघत उभा राहिलो. मग गाळला. तू लिहिलंस की गाळून तसाच टोमॅटोत टाकायचा, पण हाताला सवय जन्माची. उघडलेल्या घड्याळाचा प्रत्येक भाग धुऊन, पुसून, कापडावर वाळवल्याखेरीज मी तो पुन्हा बसवत नाही. ओला भाग जोडायचा ही कल्पनाच मला सोसवेना. तेव्हा एकेक शंख नळाखाली धुतला, पोटातलं पाणी झटकलं आणि टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून ओळीने पालथा घातला. लहान एकीकडे, मोठे एकीकडे, फुटके बशीत. दिसत होतं मोठं देखणं.

मग ते टोमॅटोत घातले, तर टोमॅटो त्यांना शिवेनात. रस्सा खाली, शंख वर, वाटण्या होऊन बसलेल्या भाऊबंदांसारखे. चवीला पुठ्ठा. तरी चिमणीने थोडंसं खाल्लं. काळजीचं कारण नाही.

विहीणबाई परवा येऊन गेल्या. चिमणीच्या खाण्याबद्दल मला काही विचारायचं होतं, म्हणून पोरीला आतल्या खोलीत पाठवलं, दार लावून घेतलं आणि मग बोललो. अशा गोष्टी लहानांच्या कानावर पडू देऊ नयेत एवढं मला कळतं. तुझी आई माझ्याशी भांडायला आली असावी, पण माझ्या कानांपुढे कोणाचं भांडण टिकत नाही. प्रत्येक वाक्य दोनदा ओरडून सांगावं लागलं की माणूस मुद्द्यावर येतो. पोरीला आपल्याकडे न्यावं असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं बघू.

आठ की दहा ते कळव. परीक्षेचा अभ्यास कर. शिडीवर दोन्ही हातांनी धर. तुझी आठवण इथे रोज निघते एवढं ध्यानात असू दे.

तुझे,
बाबा


११ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. नाही, मजेत नाही. पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

आजोबांनी पास्ता टॉवेलवर वाळत घातला होता. मी विचारलं, याला इस्त्री पण करणार का, तर त्यांना ऐकू आलं नाही. मग ते चिमट्याने एकेक उचलत होते, भिंग पण लावलं होतं डोळ्याला. मी तो खाल्ला नाही. त्यांनी तुला लिहिलंय की थोडंसं खाल्लं, ते मी पत्रात पाहिलं. ते खोटं आहे. मी एक पण खाल्ला नाही. डबा पण मी बाकावरच्या मुलींना देते. मॅडमनी विचारलं तर सांगितलं की मला भूक नसते.

आजी आली होती. आजोबांना ऐकू यावं म्हणून ती खूप मोठ्याने बोलते, मग दार लावलं तरी मला सगळं ऐकू येतं. आजी म्हणाली की पोरगी अशीच खंगत गेली तर तिची आई सगळं टाकून उभ्या उभ्या निघून येईल, लिहून ठेवा. माझा निळा फ्रॉक आता कमरेत सैल होतो. शाळेतला बाक पण मला मोठा होतो. तू कधी निघणार ते कळव.

माझं अक्षर सुधारलंय की नाही? चुका असतील तर रागावू नकोस, आणि माझी आठवण जास्त काढ.

तुझी,
चिमणी


१४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र खोलीत मोठ्याने वाचलं आणि वेल्डरबाई हसता हसता खाटेवरून घसरली. ती म्हणते तुमच्या हातचं घड्याळ घेईन, पास्ता नको. बाबा, पास्ता धुवायचा नसतो हो. त्याच्या अंगाला जो चिकटपणा असतो त्यालाच रस्सा धरतो. उलट गाळायच्या आधी त्यातलं वाटीभर पाणी काढून ठेवायचं आणि रस्सा घट्ट वाटला की त्यात घालायचं. आणि आठ की दहा हे घड्याळ सांगत नाही. पास्ता जाड असेल, पातळ असेल, आच कमी-जास्त असेल. सातव्या मिनिटापासून एकेक उचलून, फुंकर मारून दाताखाली धरायचा. बाहेरून मऊ, मधोमध किंचित कडक लागला, की झाला. टोमॅटो नसतील तर नुसतं तेल, लसूण आणि मिरपूड घातली तरी भागतं. दूध आटवून त्यात चीज विरघळवलं तर चिमणीला बहुधा तेच जास्त

इथवर लिहून ठेवलं होतं. दुपारी चिमणीचं पत्र आलं.

बाबा, तुम्ही मला थोडंसं खाल्लं म्हणून लिहिलंत. मी तुमच्यावर रागावू शकत नाही. माझ्या जिवाला घोर नको म्हणूनच लिहिलंत, कळतं मला. पण पोरीचा फ्रॉक कमरेत सैल होतो आहे. हे वाचल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. आज पेटी जहाजावर टेकवताना इतकी आपटली की मास्तरांनी मला लगेच खाली उतरवलं.

संध्याकाळी त्यांना शाळा सोडण्याचा अर्ज दिला. शनिवारच्या गाडीने निघते. पुढचं पुढे. शिवणयंत्र आहेच घरी, पूर्वी जमलं तसं आताही जमेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ज्या दिवशी माझी बॅग भरायला तुम्ही दुकान बंद ठेवून बसलात, त्या दिवशी तुम्ही तुमच्याकडचं सगळं मला देऊन चुकलात. कमी मीच पडले.

चिमणीला अजून सांगू नका. आल्यावरच बघू दे. तोवर तिला जपा, आणि स्वतःलाही.

आपली,
सूनबाई


१६ फेब्रुवारी, एक्सप्रेस टपालाने

चि. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडीत बसू नकोस. आधी हे पुरतं वाच.

वाण्याच्या दुकानातून वसतिगृहाला फोन लावायला सांगणार होतो. पण फोनवर तू पोरीचं रडणं तेवढं ऐकशील आणि मला तर तूही ऐकू येणार नाहीस. म्हणून लिहितो आणि स्वतः टपालकचेरीत नेऊन देतो.

तुझं पत्र आज सकाळी आलं. खरं सांगू? तू येतेस हे वाचून मला आधी बरंच वाटलं. घर खायला उठतं ग. शिवणयंत्रापुढची तुझी खुर्ची मी अजून हलवलेली नाही. ते बरं वाटणं ओसरेपर्यंत दुपार झाली. मग म्हटलं, येईल तेव्हा येईल, पोरीला आज तरी नीट जेवू घालू.

पाणी उकळलं, पास्ता टाकला. आता एकेक दाताखाली धरून बघायचं म्हणालीस, पण तू विसरलीस की मला कवळी आहे. माझ्या कवळीला कच्चं आणि शिजलेलं एकच. म्हणून चिमणीला हाक मारली, स्टुलावर उभी केली आणि सांगितलं की तू चाखायचंस आणि मला सांगायचंस. खायचं नसेल तर खाऊ नकोस, पण माझे दात होशील का?

तिने बराच विचार केला. मग मला विचारलं की चाखणं म्हणजे खाणं नव्हे ना. मी म्हटलं, छे, मुळीच नव्हे. चाखणारा कामावर असतो.

मग बाईसाहेब कामाला लागल्या. पहिला शंख फुंकून खाल्ला आणि कच्चा म्हणाली. दुसरा कच्चा. तिसरा बराच कच्चा. पुढे पुढे मी चमच्यात दोन-दोन देऊ लागलो, तेही कच्चेच. मी पातेल्याकडे पाहिलं तर शंख फुगून फुटायला आलेले आणि ही अजून कच्चेच म्हणते आहे. मग म्हणाली, एकाने नीट कळत नाही, वाटीत द्या. वाटीत दिले. रश्शाचं मीठ बघायला म्हणून त्यावर रस्सा घेतला. चीज खारट आहे का ते बघायला चीज घेतलं. सूनबाई, त्या पोरीने उभ्या उभ्या अर्धं पातेलं चाखलं. इतकी भुकेली होती.

मी शेगडी बंद केली आणि तिला खाली उतरवून मांडीवर घेतलं. म्हटलं, एवढी भूक असून उपाशी राहायचं हे तुझं तूच ठरवलंस का? तर ती रडायला लागली ती थांबेना. तुझ्या आईने मला दार लावून जे ओरडून सांगितलं ते तिने शब्दन्शब्द ऐकलं होतं. दार लावलं की गुपित राहतं असं आम्हा दोन म्हाताऱ्यांना वाटलं, आणि त्यातला एक बहिरा! पोरीने हिशेब मांडला की आपण वाळलो की आई येते. आधी तुझ्या आठवणीने जेवण जात नव्हतं, तेव्हापासून मात्र मुद्दाम भूक मारून बसली आहे. एवढासा जीव आणि केवढा हट्ट. तुझ्यावर गेली आहे.

मी रागावलो नाही. तिला सगळं खरं खरं सांगितलं, तू सांगू नका म्हणालीस तेसुद्धा. आई शनिवारी निघते आहे, तू जिंकलीस, म्हटलं. आली की क्रेनचं दार तिला कायमचं बंद, हेही सांगितलं. मग तिला म्हटलं, तुला काय हवं ते तू आईला लिही, मी ते न वाचता पाकिटात घालीन. तिने लिहिलं. मी वाचलेलं नाही. सोबत आहे.

माझं म्हणशील, तर मला तू वर केबिनमध्ये बसलेली बघायची आहेस. माझा मुलगा असता तर त्याने खाली उभं राहून टोपी हवेत उडवली असती. निर्णय तुझा. येशील तरी घर तुझंच आहे, आणि राहशील तरी ते इथून हलणार नाही.

तुझ्या सुखात ज्याचं सुख आहे असा,
बाबा


ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आजोबांनी तुला सांगितलंच असेल. मी आज खूप चाखलं. खाल्लंच म्हण.

मला तू यायला हवी आहेस. खूप हवी आहेस. रात्री तर फारच. पण आजोबा म्हणाले की तू आत्ता आलीस तर तुला परत तिथे कधीच घेणार नाहीत. कधीच म्हणजे कधीच का, असं मी तीनदा विचारलं. ते हो म्हणाले.

मग तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण पास होऊन ये. आणि लवकर पास हो. मी आता सगळं खाईन, डबा पण, फक्त शेंगा नाही. आजोबांना पास्ता करायला मदत करीन, कारण त्यांना दात नाहीत आणि ते अजून टॉवेलकडे बघतात.

हे लिहिताना मी रडत नव्हते. इथे जो डाग आहे तो रश्शाचा आहे. तो दुसरा डाग माहीत नाही कशाचा.

तुझी,
चिमणी


३० मार्च

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि., आणि माझ्या चिमणीला आईचे खूप खूप आशीर्वाद. या खेपेला पत्र दोघांना मिळून लिहिते. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा. नाहीतर राहू द्या, चिमणीच वाचेल, तुम्ही जवळ बसा.

पास झाले.

दोन ओळींत कळवलं होतं की थांबते आहे, त्यापलीकडे लिहायला उसंतच मिळाली नाही. आता सांगते. शनिवारी माझी वळकटी बांधून दारात ठेवलेली होती. मी निघाले म्हणून वेल्डरबाई रागाने स्टोव्ह घासत बसली होती. तेवढ्यात तुमचं पाकीट आलं. चिमणे, तुझ्या पहिल्या पत्रात सगळं लिहिलेलं होतंस ग तू. आजी काय म्हणाली तेही होतं. मी ती ओळ वाचली होती, पण सैल फ्रॉकपुढे मला दुसरं काही दिसलंच नाही. आई असून मला तुझी चलाखी कळली नाही आणि कवळीवाल्या आजोबांना कळली.

मी तशीच मास्तरांकडे गेले. अर्ज परत मागितला, तर म्हणाले कोणता अर्ज. घरून पत्र आलं की तुकडीतलं कोणी ना कोणी अर्ज देतंच, म्हणून गाडी सुटेपर्यंत ते तो पुढे पाठवतच नाहीत म्हणे. मग दरडावून विचारलं की पेट्या आपटणं थांबणार आहे का. मी हो म्हटलं. खोलीत आले, तर वेल्डरबाईने न विचारता पातेलं चढवलं होतं. नुसता तेल-लसणीचा पास्ता. एक सांगू का दोघांना? चिमणी खात नाही हे कळल्यापासून माझ्याही घशाखाली काही उतरत नव्हतं. तुम्हाला कधी लिहिलं नाही. त्या दिवशी मी पातेल्यातच जेवले, आणि वेल्डरबाईला पुन्हा पाणी चढवावं लागलं.

परीक्षा परवा झाली. वारा होता. जहाजातली पेटी उचलून ट्रकवर बसवायची, चारही कोपरे एकदम. बाबा, ती अशी बसली की ट्रकवाल्याला कळलंच नाही, तो भोंगा वाजवून विचारत राहिला की पेटी येते आहे की नाही. मी खाली आल्यावर मास्तरांनी नुसती मान डोलावली. वेल्डरबाई म्हणते यापेक्षा जास्त त्यांनी कधी कोणाला दिलेलं नाही. तीही पास झाली.

इथल्याच बंदरावर काम मिळालं आहे. कच्ची नेमणूक पक्की झाली की राहायला दोन खोल्या मिळतील, तेव्हा आपण तिघं इथे. बाबा, नाही म्हणायचं नाही. पण तोवर काही महिने मला एकटीने राहावं लागेल.

रविवारी सकाळी मी घरी पोचते. आठवडाभर सुट्टी आहे. तिघांनी मिळून जे करायचं ते करू, फुलपाखरांचा पास्ता करू, तू चाखायचं, आजोबांनी किसायचं.

आणि चिमणे, सुट्टी संपली की मी परत जाणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते, दार न लावता. मला सांगायला जड जातं आहे. त्या दिवशी तुला रडू येईल. मलाही येईल, आजोबांनाही येईल, ते मान्य करणार नाहीत. तर त्या दिवशी असं करू, तिघंही आधी पोटभर जेवू, आणि मग हवं तेवढं रडू.

भेटीची वाट बघणारी,
तुमची सूनबाई आणि तुझी आई